दारातली कहाणी

पायलचा फोन आला तेव्हा हिमानी अकरावीच्या चाचणीचे पेपर तपासत बसली होती. गुरुवारची दुपार, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. पायल म्हणजे वरूडधाब्याच्या जनकाबाईंची नात, मेहकरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हिमानीच्या पुस्तकातल्या निम्म्या कहाण्या या जनकाबाईंनी सांगितलेल्या होत्या, म्हणून पुस्तकाची पहिली प्रत तिने पायलच्या हाती त्यांना पाठवली होती. पायल म्हणाली, "मॅडम, आजीला पूर्ण पुस्तक वाचून दाखवलं. आत्ताच संपलं." हिमानीने लाल पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत जरा मागे टेकली. आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार अशी तिची खात्री होती. "मग? विहिरीची कहाणी आवडली का त्यांना?" मागून जनकाबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग पायल म्हणाली, "आजी विचारून राह्यली, सून इहिरीतून बाहेर आली, हे तुमाले कोन सांगतलं?" हिमानी हसली. "अगं, कोणी नाही सांगितलं. शेवट मी बदलला. त्यांना सांग, आजच्या वाचकांसाठी बदलावा लागतो." पायलने ते तिकडे सांगितलं असावं. मागून पुन्हा तोच आवाज आला. "मॅडम, आजी म्हणते, मंग तिच्या जागी आत कोन गेलं, तेबी लिवा." हिमानी पुढे काही विचारणार तोच फोन तुटला. तिने पुन्हा लावला, लागला नाही.

समोर पेपर पडला होता. कोण्या मुलीने तांबड्या शाईने समास आखून नीटनेटकं लिहिलं होतं. हिमानीने दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि आपण काय वाचलं ते तिला सांगता आलं नसतं. म्हातारीचा विनोद असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण जनकाबाई विनोद करणाऱ्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी हिमानी पहिल्यांदा वरूडधाब्याला गेली तेव्हा त्या उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, आणि चार तासांत, पाच कहाण्या सांगून होईपर्यंत, एकदाही हसल्या नव्हत्या. विहिरीची कहाणी त्यातली तिसरी. गावच्या पाटलाने विहीर खणली, बारा पुरुष खोल गेली, पाणी नाही. पाटलाच्या स्वप्नात पाण्यातल्या देवी, आसरा, आल्या, म्हणाल्या, थोरली सून दे. सून नवी कोरी साडी नेसली, हातात हळदीकुंकवाचं ताट घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागली. उतरता उतरता विचारायची, मामंजी, पाणी आलं का? आलं सूनबाई, घोट्याएवढं आलं. आलं सूनबाई, गुडघ्याएवढं आलं. आलं सूनबाई, कमरेएवढं आलं. मग सुनेचा आवाज थांबला आणि ताट तेवढं वर तरंगत आलं. जनकाबाईंनी ती सांगितली ती एखादी हिशेबाची पाटी वाचावी तशी, मान खाली घालून, शेंगा सोलत.

हिमानीने तिथेच ठरवलं होतं की ही अशी छापायची नाही. घरी येऊन एका बैठकीत तिने ती पुन्हा लिहिली. तिच्या कहाणीत सुनेच्या घोट्याला पाणी लागतं आणि ती थांबते. वर बघते. विहिरीच्या काठावर गोल उभे असलेले पुरुष तिला दिसतात. ती विचारते, तहान साऱ्या गावाची, मग उतरायचं एकटीनेच का? कोणी उत्तर देत नाही. ती ताट पायरीवर ठेवते, पदर खोचते आणि एकेक पायरी वर चढते. पुरुष बाजूला होतात. ती वेशीबाहेर निघून जाते, मागे वळून पाहत नाही, आणि तिच्या पाठीमागे विहीर आपोआप भरून येते. शेवटचं वाक्य लिहिताना हिमानीच्या अंगावर काटा आला होता: पाण्याने कुणाचा जीव मागितलाच नव्हता. पुस्तक आल्यापासून जो तो याच वाक्याबद्दल बोलत होता. बारावीच्या मुलींनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. आणि महिन्याभरापूर्वी किसनराव पाटील यांचा निरोप आला होता. ज्या संस्थेच्या कॉलेजात हिमानी एकोणीस वर्षं मराठी शिकवत होती तिचे ते अध्यक्ष, आणि मूळचे वरूडधाब्याचे. ज्यांनी विहीर खणली त्यांच्याच घरातले. त्यांनी विहिरीची दुरुस्ती करून घेतली होती. काठावर काळ्या दगडाची शिला बसवायची होती आणि तिच्यावर हिमानीची कहाणी बारा ओळींत कोरायची होती. अनावरण येत्या रविवारी. ओळी तिनेच करून दिल्या होत्या. जूनमध्ये प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती, आणि निरोप घेऊन आलेल्या हेडक्लार्कने जाता जाता, तिने काही न विचारता, त्या जागेचा विषय काढला होता.

तिच्या जागी आत कोण गेलं. ती घरी चालत निघाली तेव्हा ते वाक्य तिच्या पायांच्या तालावर यायला लागलं. कारंजा चौकात उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालू होतं, घुंगरं वाजत होती. तिला एकाएकी मोताळ्याच्या घराची आठवण झाली. मोताळ्याच्या घराची म्हणजे खरं तर तिथल्या मधल्या खोलीच्या वासाची. डेटॉल, एरंडेल आणि ओल्या गोधडीचा वास. सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं ते नऊ वर्षांपूर्वी. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धी जीभ. त्या वेळी हिमानी मोताळ्याहून रोज बसने बुलढाण्याला येऊन-जाऊन नोकरी करायची. आठ महिने तिने दोन्ही केलं. पहाटे सासूबाईंचं अंग पुसायचं, कूस बदलायची, मग बस. एका सकाळी बसमध्ये तिच्या हाताला तो वास आला, शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला, आणि तिने वैजनाथला, म्हणजे नवऱ्याला, संध्याकाळी सांगितलं की आपण बुलढाण्याला खोली घेऊ. मुलीच्या, इराच्या, शाळेचं कारण होतंच. वैजनाथ पंचायत समितीत कारकून, भांडण टाळणारा माणूस. त्याने बदली करून घेतली. कोणी आडकाठी केली नाही. टेम्पोत सामान भरलं त्या दिवशी धाकटी जाऊ अन्नपूर्णा दारात उभी होती, हातात सासूबाईंच्या पेजेची वाटी. तेव्हा अन्नपूर्णाच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. हिमानी वाटेत मागे वळली नव्हती. आज पहिल्यांदा तिला वाटलं की आपल्या कहाणीतली मागे वळून न पाहण्याची ओळ आपल्याला फार पटकन सुचली होती.

पुस्तक निघालं तेव्हा अन्नपूर्णालाही एक प्रत गेली होती. तिचा मेसेज आला होता: ताई, छान आहे. सून बाहेर आली ते बरं झालं. हिमानीने त्यावर लाल हृदय टाकलं होतं आणि पुढच्या मेसेजकडे वळली होती. आता रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने तो मेसेज शोधून काढला. नऊ शब्द. त्यात टोचणारं काही होतं की नव्हतं, हे कितीही वेळा वाचून ठरेना.

शनिवारी पहाटेच्या बसने ती मेहकरला गेली. पायल स्टँडवर आली होती. डोणगावपर्यंत दुसरी बस, तिथून आत सात किलोमीटर ऑटो. दोन्हीकडे कपाशी वेचून झालेली, तिच्या वाळक्या पराट्या उभ्या, मध्येच शेंगांनी भरलेली तूर. पायल एरवी बडबडी, आज गप्प होती. हिमानीने विचारलं, "तुला माहीत आहे का गं, आजी काय म्हणते ते?" पायल बाहेर बघत म्हणाली, "आजीच सांगेल मॅडम." गावात शिरण्याआधी ऑटो विहिरीपाशी थांबवायला हिमानीने सांगितलं. नवं चुन्याचं काम, निळा पाइप, मांडवाचे बांबू रोवायला खड्डे. शिला आधीच बसवलेली होती, वर पांढरं कापड. हिमानी काठावर गेली आणि खाली पाहिलं. दोन वर्षांपूर्वीही पाहिलं होतं. पायऱ्या अर्ध्यावर संपत होत्या. त्याच्या खाली सरळ तासलेला खडक, आणि फार खोल पाण्याचा तुकडा. आपल्या कहाणीत आपण पायऱ्या तळापर्यंत नेल्या होत्या. का, हे तिला आठवेना. चढायला सोयीचं पडलं असावं.

जनकाबाईंचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धांच्या वस्तीत, विहारापासून तिसरं. वर टिनं, पुढे ओटा. हिमानी सवयीने ओट्यावर टेकायला गेली, तसं जनकाबाई आतून म्हणाल्या, "तिथं नोका बसू. आत या." आत अंधारल्यासारखं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पायलच्या कॉलेजचा ग्रुप फोटो. जनकाबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या, हिमानीला खुर्ची दिली. पायल चुलीकडे वळली आणि पाठ करूनच चहाचं बघायला लागली.

"मांगच्या वक्ताले तुमी दारात बसल्या होत्या," जनकाबाई म्हणाल्या. "दारातली सांगतली. दारात कोनी आलं त दारातलीच सांगाची, असं माही आजी म्हने. पाटलाचं मानूस आलं, सायब आला, मास्तर आला, समद्याईले हेच सांगाचं. सून गेली, हासत गेली. पन तुमी लिवलं का सून बाहेर आली. म्या पायलीले म्हनलं, हे कोन सांगतलं यायले? हे त आमच्या घराबाहेर कोनाले ठावं नाई."

हिमानी म्हणाली, "खरंच मला कोणी नाही सांगितलं, जनकाबाई. मी मनाने लिहिलं."

"मनानं अर्धं बरोबर लिवलं तुमी." जनकाबाईंनी हिमानीकडे पाहिलं. "आली ती बाहेर. दोरानं उतरोली होती तिले, पायऱ्या खालपर्यंत नाईत. उतरली अन् वरडाले लागली. तिच्या माहेराले खबर पोचली होती, भाऊ आले गाड्या घेऊन, काठ्या घेऊन. त्यायनं वढून काढली अन् घेऊन गेले. पाटील काय करते. सोयरे मोठे होते. पन गावापुढं बोलून बसला होता का देतो म्हून. देवीले बोलला होता. आता कोनालेतरी द्या लागे."

चुलीवरचा चहा उतू जायला आला, पायलने तो सांडशीने उतरवला, पण भांडं हातातच धरून ठेवलं.

"आमच्या पनज्याची बहीन होती, पुंजी. इहिरीवर मुरूम वाहे. सुनेचं ताट खाली राह्यलं होतं, चांदीचं. पाटील म्हनला, पुंजे, तू हलकी हाय, जाय, ताट घेऊन ये. म्हून उतरली. दोराले ताट बांधून पाठोलं तिनं वर. ताट काढून घेतलं. मंग दोर नाई सोडला खाली."

हिमानीच्या मांडीवर वही होती, पेन होतं. तिने काही लिहिलं नव्हतं. बाहेर कोणी मोटरसायकल लावली, बंद केली, पुन्हा चालू केली. "मग?" ती म्हणाली, आणि हा शब्द आपण विचारला याची तिला लाज वाटली.

"मंग काय. आवाज ये म्हने. दुसऱ्या दिशी पाटलानं वाजंत्री लावली इहिरीवर. तीन दिस वाजोली. चौथ्या दिशी बंद केली." जनकाबाईंनी हाताच्या तळव्याने मांडीवरचं लुगडं सारखं केलं. "पानी आलं तिसऱ्या साली. पाऊस चांगला झाला तवा. तुमी लिवलं का पान्यानं जीव नोता मागतला. खरं हाय ते. पाटलानं मागतला होता. अन् आमची पोट्टी ज्या इहिरीत, तिच्या पान्याले आमाले हात लावाची बंदी. माही आजी डोक्यावर हंडा घेऊन नदीले जाय तवा इहिरीपाशी पाय उचलून चाले. म्हने, पुंजी आयकत असंल."

पायलने चहा दिला. तिघींनी तो घेतला. हिमानीला काहीतरी बोलायचं होतं. तिने म्हटलं, "उद्या तिथे शिला उघडणार आहेत. माझ्या ओळी आहेत तिच्यावर." जनकाबाई म्हणाल्या, "ठावं हाय. मलेबी बलावलं. शाल देनार हायेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, मागणंही नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, असं हिमानीला वाटलं. "मी काय करू, सांगा तुम्ही." जनकाबाईंनी रिकामा कप खाटेखाली सरकवला. मग म्हणाल्या, "म्या आत बलावलं तुमाले. अजून काय करू?"

मेहकरला किसनरावांच्या घरी ती पोचली तेव्हा चार वाजले होते. ते बैठकीत फोनवर मांडववाल्याशी बोलत होते, हातानेच तिला बसा म्हणाले. साठीचा, सडसडीत, पांढरा शर्ट, समोरच्या टेबलावर तिचं पुस्तक, त्यात पिवळ्या कागदाच्या खुणा. ऐकून घेताना ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. तिने पुंजीचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, "याले पुरावा काय, मॅडम?"

"कहाणीला पुरावा नसतो सर. पण त्यांच्या घरात पाच पिढ्या..."

"आमच्या घरातबी पाच पिढ्या सांगून राह्यले." त्यांनी पुस्तक उघडलं, खूण केलेलं पान काढलं आणि सावकाश, शाळेतल्या मुलासारखं वाचलं. "कहाणी कोणाच्याही मालकीची नसते. प्रत्येक पिढीने ती आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा सांगावी, हाच तिचा धर्म. हे तुमीच लिवलं. प्रस्तावनेत." हिमानीने मान खाली घातली. ते वाक्य तिला तोंडपाठ होतं. किसनरावांनी पुस्तक मिटलं. "तुमाले एक सांगतो. लहानपणी माय मले ती कहाणी सांगे, सून हासत गेली म्हून. मले त्या इहिरीची इतकी भीती वाटे का मी तिकडून शाळेत जात नसो. आपल्याच घरानं आपलीच सून. पन्नास वर्षं ते मनात होतं माह्या. तुमची कहाणी वाचली अन् पहिल्यांदा बरं वाटलं. म्हनून शिला केली. कोनाले खाली दाखवाले नाई केली." ते खरं बोलत होते. हिमानीला ते दिसत होतं. या माणसाला आपण बरं वाटायला लावलं होतं. "आता पणज्याच्या बापानं काय केलं त्याचं मी काय करू? दगड कोरून झाला. उद्या कलेक्टर सायबाचे प्रतिनिधी येऊन राह्यले. तुमी या, बारा ओळी वाचा, जनकाबाईले शाल द्या. गावात शांतता आहे, राहू द्या." दारापर्यंत सोडायला आले तेव्हा, ती चपला घालत असताना, ते म्हणाले, "जूनचंबी पाहू आपन. तुमच्यावर भरोसा आहे मले." धमकी वाटावी असा स्वर नव्हता. धमकी नव्हतीही कदाचित.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली होती. इरा क्लासला गेली होती, वैजनाथने भात लावला होता. हिमानी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अन्नपूर्णाला जिल्हा परिषदेची ऑर्डर आली होती ना? मास्तरकीची?" वैजनाथने कुकरचा गॅस बारीक केला. "आज कुठून काढलं हे?"

"आली होती ना?"

"आली होती. नांदुऱ्याकडची शाळा होती."

"मग ती का गेली नाही?"

"आईचं होतं ना." तो ओट्यावरचं फडकं उचलून पुन्हा तिथेच ठेवत म्हणाला. "आपण इकडे आलो त्याच्या पुढच्या महिन्यात आली ऑर्डर."

"कोणी सांगितलं तिला, जाऊ नको म्हणून?"

"कोणी नाही. सांगायचं काम पडलं नाही." कुकरची शिटी झाली. तो पुढे म्हणाला, "तिने ती ऑर्डर देवघराच्या फळीवर ठेवली होती. वर्षभर होती. आईची औषधं त्याच्यावर ठेवायची ती." हिमानीने ती फळी पाहिली होती. सणावारी जायची तेव्हा गोळ्यांची पाकिटं पाहिली होती, त्याखालचा घडी घातलेला कागदही पाहिला असणार. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्या दिवशी अन्नपूर्णाच इतकी रडली की लोक म्हणाले, सून असावी तर अशी. हिमानी तिच्या शेजारी बसून होती आणि तिला वाटत होतं की ही जरा जास्तच रडते आहे. भरतीचं वय तोवर निघून गेलं होतं, हे तेव्हा कोणाच्या बोलण्यात आलं नाही. तिने फोन उचलला, अन्नपूर्णाचं नाव काढलं, त्याकडे पाहिलं. काय विचारणार? आणि विचारून झाल्यावर, बरं कोणाला वाटणार? तिने फोन पालथा ठेवला. त्या घटकेला तिला स्वतःची इतकी किळस आली की जेवण गेलं नाही.

रविवारी दहाला मांडव भरला होता. हिरव्या कापडाखाली खुर्च्या, पुढे सोफे. जनकाबाई दुसऱ्या रांगेत पायलजवळ बसल्या होत्या, पांढरं लुगडं, दोन्ही हात मांडीवर. भाषणं झाली. किसनराव थोडंच बोलले, गावाच्या पाण्याबद्दल. मग दोरी ओढली आणि कापड पडलं. काळ्या दगडात पिवळ्या रंगाने भरलेली अक्षरं उन्हात चकाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले. "आता या कहाणीच्या लेखिका हिमानी मॅडम ती आपल्याला वाचून दाखवतील," निवेदक म्हणाला आणि माईक तिच्या हातात आला. तो उन्हाने तापला होता. तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. आवाज कर्ण्यातून वेशीकडे जाऊन परत येत होता, त्यामुळे प्रत्येक शब्द तिला दोनदा ऐकू येत होता, एकदा स्वतःचा आणि एकदा कोणा अनोळखी बाईचा. सातवी, आठवी. सुनेने ताट पायरीवर ठेवलं. पुरुष बाजूला झाले. ती वेशीबाहेर गेली. अकरावी ओळ संपली. बारावी राहिली होती, ज्या ओळीसाठी हे सगळे जमले होते. हिमानीने किसनरावांकडे पाहिलं. ते ओठ हलवत होते; त्यांना ती पाठ होती.

"ती बाहेर आली," हिमानी म्हणाली. दगडावर हे असं नव्हतं. "ती बाहेर आली, म्हणून दुसरीला आत पाठवलं. तिचं नाव पुंजी." पहिल्या रांगेतला कोणी पाहुणा शिलेकडे बोट करून ती कुठे वाचते आहे ते शोधत होता. "ती या विहिरीवर मुरूम वाहायची. खालच्या वस्तीतली. पंधरा वर्षांची होती. पाटलाने तिला खाली राहिलेलं ताट आणायला उतरवलं. तिने ताट वर पाठवलं आणि त्यांनी दोर खाली सोडला नाही." कर्ण्यात खरखर झाली आणि आवाज गेला. कोणी वायर काढली की आपोआप गेला, ते तिला कळलं नाही. ती तशीच बोलत राहिली. वाजंत्रीचं सांगितलं, तीन दिवसांचं सांगितलं, तिसऱ्या सालच्या पावसाचं सांगितलं. माईक चालत नव्हता म्हणून लोकांना कान द्यावा लागला, आणि तेवढ्याने मांडव इतका शांत झाला की पाइपातून विहिरीत थेंब पडत होते ते ऐकू यायला लागलं. किसनराव उभे राहिले होते. ते तिला थांबवतील म्हणून ती वाट पाहत होती. त्यांनी थांबवलं नाही. सगळं संपल्यावर ते खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "मॅडम, हे बरं नाई केलं तुमी," हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं, आणि पाहुण्यांना घेऊन गाड्यांकडे चालू लागले. जाताना त्यांनी एकदा विहिरीकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली.

माणसं पांगली. खालच्या वस्तीतल्या चार-सहा बाया शिलेपाशी उभ्या होत्या. शाल टेबलावर घडीतच राहिली होती. हिमानीला कळायच्या आत तिच्यात एक हलकेपणा येऊ लागला होता. आपण केलं, शेवटी आपण ते केलं, असा. जनकाबाई पायलच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यापाशी आल्या. हिमानी वाकून त्यांच्या पाया पडायला गेली तर त्यांनी तिचा दंड धरून तिला उभी केली.

"पंधरा काऊन म्हनल्या?" जनकाबाई म्हणाल्या.

"हं?"

"पुंजी पंधराची नोती. नऊ वर्साची होती. म्हून त हलकी म्हनला तो. दुधाचे दात पडून राह्यले होते तिचे."

जनकाबाईंनी वय सांगितलं नव्हतं, हिमानीने विचारलं नव्हतं. रात्रभर ती मुलगी तिच्या मनात पंधराचीच होती, उंच, कदाचित वर चढून येऊ शकेल अशी. म्हातारी उत्तराची वाट पाहत तिच्याकडे बघत उभी होती. "हेही मी मनानेच सांगितलं," हिमानी म्हणाली.